तोललेला आकडा आणि अदमासाचा आकडा

सकाळी आधण ठेवून त्यात चहाची पूड टाकणाऱ्या गृहिणीला, आपण एका राष्ट्रीय ताळेबंदात नोंदल्या जात आहोत, याची कल्पना नसते. तरीही ती नोंदली जाते. इंदूर, बडोदे, बेळगाव, हैदराबाद या गावांच्या आसपास चहाचे झुडूप औषधालाही सापडावयाचे नाही. पण देशाच्या चहाच्या हिशोबात खपाची बाजू भरते ती अशाच गावांच्या जोरावर. भारतात पिकणाऱ्या चहापैकी सुमारे चार पंचमांश चहा भारतातच संपतो. कॉफीची गोष्ट नेमकी उलटी आहे. तिचा मोठा वाटा परदेशी जातो. आणि कोको देशात पिकतो त्याहून कितीतरी अधिक बाहेरून आणावा लागतो. एकाच फडताळात शेजारी शेजारी बसणारे हे तीन डबे. पण त्यांचे हिशोब तीन तऱ्हांचे आहेत.

पुरवठ्याचा ताळेबंद दिसावयास वाण्याच्या वहीइतका सोपा असतो. मागील सालची शिल्लक, तीत यंदाचे पीक, तीत बाहेरून आलेला माल. या बेरजेतून परदेशी गेलेला माल आणि वर्षअखेरची शिल्लक वजा केली, की उरला तो देशातील खप. बंदरातून जाणाऱ्या-येणाऱ्या मालाची नोंद जकातीच्या दप्तरी होते, तेव्हा ती बाजू बरीच विश्वसनीय. खप मात्र बहुधा कोणी मोजत नाही. मधूनमधून घरोघर पाहणी होते हे खरे; पण दरसालचा आकडा निघतो तो वजाबाकीनेच. याचा अर्थ असा, की पिकाच्या आकड्यात जी चूक शिरेल, ती निमूटपणे खपाच्या पदरात पडते. पीक कमी मोजले गेले तर लोकांनी कॉफी सोडली असे दिसेल, आणि जास्त मोजले गेले तर लोक कॉफीच्या नादी लागले असे. म्हणून सारा भार पिकाच्या आकड्यावर येतो.

पण पीक म्हणजे नेमके कशाचे वजन? खुडलेल्या हिरव्या पाल्याचे वजन धरावे, तर साधारण साडेचार किलो पाल्यातून एक किलो चहा तयार होतो. कॉफीच्या झाडावरील लाल फळ तोलावे, तर त्यातील गर, साल आणि पाणी गेल्यावर पाचवा हिस्सा बी हाती लागते. तेच बी भाजले की आणखी हलके होते. आणि त्याची पाण्यात विरघळणारी पूड केली, तर एक किलो पुडीमागे 2.6 किलो हिरवे बी खर्ची पडले, असे आंतरराष्ट्रीय व्यवहारात मानतात. कोकोची ओली बी आंबवून वाळविली, की तिच्या वजनाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. तेव्हा दोन कोष्टके शेजारी ठेवून तुलना करणाऱ्याने, आकडा ओला की सुका, हे आधी विचारावयास हवे. वर्तमानपत्रांतील कितीतरी चमत्कारिक बातम्या एवढ्या एका प्रश्नाने विरून जातील.

कॉफीच्या आकड्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. दुसऱ्या महायुद्धात युरोपच्या बाजारपेठा बंद झाल्या आणि दक्षिणेतील मळेवाल्यांचा माल पडून राहिला. तेव्हा 1940 मध्ये सरकारने हस्तक्षेप केला, आणि पुढे 1942 च्या कायद्याने कॉफी बोर्डाकडे सारी विक्री आली. घरी पिण्यापुरती आणि बियाण्यापुरती कॉफी ठेवून बाकीची प्रत्येक मळेवाल्याने बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावी, बोर्डाने ती लिलावाने विकावी, आणि पैसे ज्याच्या त्याच्या मालाच्या प्रतीप्रमाणे हप्त्याहप्त्याने द्यावेत, अशी ही व्यवस्था होती. हे हप्ते रेंगाळत, आणि मळेवाल्यांची त्याबद्दलची कुरकूर कधी थांबली नाही. ती रास्तही होती. परंतु या व्यवस्थेचा एक लाभ असा, की देशाचे पीक प्रत्यक्ष तराजूतून जात असे. 1950-51 साली भारतात सुमारे 19 हजार टन कॉफी झाली असे सांगितले जाते, तेव्हा तो आकडा कोणाच्या नजरेचा नसून काट्याचा आहे.

1992 पासून हे बंधन थोडेथोडे सैल करीत आणले गेले, आणि 1996 मध्ये मळेवाल्याला आपली सारी कॉफी स्वतः विकण्याची मुभा मिळाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही सुटकाच होती. पण त्या दिवसापासून बोर्डाच्या हातचा काटा गेला, आणि तोललेल्या आकड्याच्या जागी अदमासाचा आकडा आला.

हा अदमास दोनदा बांधला जातो. फाल्गुन-चैत्राच्या सुमारास पावसाची एक सर आली, की कॉफीची झाडे आठ-दहा दिवसांत पांढऱ्या फुलांनी गच्च भरतात. कोडगू आणि चिकमगळूरच्या डोंगरांवर त्या दिवसांत जाईजुईसारखा वास दरवळतो. फुलोरा ओसरल्यावर बोर्डाचे अधिकारी निवडलेल्या मळ्यांत हिंडून पहिला अंदाज करतात. पावसाळा संपल्यावर दुसरा होतो. कारण मधल्या चार महिन्यांत फळगळ किती झाली, मुळाशी पाणी किती दिवस साचले, यावर सर्व काही अवलंबून असते. ऑगस्ट 2018 मध्ये कोडगूत अतिवृष्टी होऊन डोंगर कोसळले, तेव्हा फुलोऱ्यावर बांधलेला हिशोब पार वाहून गेला. 2022-23 चे अखेरचे पीक 3 लाख 52 हजार टनांच्या घरात धरले आहे. त्यात रोबस्टा सुमारे अडीच लाख टन आणि अरेबिका एक लाख टन.

आता अदमास हा केवळ दप्तरी ठेवण्याचा कागद नसतो. भरघोस पीक येणार अशी वार्ता निघाली, की व्यापारी हात आखडता घेतो, आणि झाडावरचे फळ लाल होण्यापूर्वीच त्याची किंमत उतरते. भारतातील कॉफीवाल्यांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णवांहून अधिक छोटे आहेत. माल घरात राखून ठेवण्याची ऐपत त्यांतील थोड्यांचीच. शिवाय जगाच्या पिकात भारताचा वाटा शंभरात तीन-चार एवढाच असल्याने, सकलेशपूरच्या शेतकऱ्यालाही आपल्या अंदाजाआधी ब्राझीलचा अंदाज ऐकावा लागतो. जुलै 1975 मध्ये ब्राझीलच्या मळ्यांवर हिमाचा घाला पडला, आणि पुढील दोन वर्षे सर्व जगात कॉफी भडकली. कोणाचे मळे करपले आणि कोणाच्या घरी तूपरोटी आली!

कॉफीच्या कोष्टकात एक कोडेही आहे. 2022 मध्ये भारतातून सुमारे 4 लाख टन कॉफी परदेशी गेली असे नोंदलेले आढळते. म्हणजे पिकाहून निर्यात जास्त! शिवाय देशातील लोक लाखभर टनांच्या आसपास कॉफी पितात, ती वेगळीच. हा हिशोबनिसाचा प्रमाद नव्हे. विरघळणारी कॉफी करणारे कारखाने परदेशांतून स्वस्त बी आणवितात, येथे त्याची पूड करतात आणि पुन्हा बाहेर पाठवितात. तो माल भारताच्या बंदरातून जातो. भारताच्या मातीतून येत नाही. पीक आणि निर्यात यांमधील हा भेद ज्याने ध्यानात घेतला नाही, तो कोडगूच्या शेतकऱ्याला अकारण श्रीमंत समजेल.

चहाकडे वळावे, तर तेथे बदल आणखी खोल आहे. 1953 च्या कायद्याने चहा बोर्ड स्थापन झाले तेव्हा चहा म्हणजे मोठे मळे, असेच समीकरण होते. हजार-पाचशे एकरांचा मळा, त्यातच कारखाना, आणि कारखान्यातून दरमहा कलकत्त्यास जाणारा तक्ता. 1951 साली सुमारे 28 कोटी किलो चहा झाला. 2023 मध्ये हा आकडा 139 कोटी किलोंवर गेला. परंतु ही वाढ निव्वळ जुन्या मळ्यांची नाही. आसामात, उत्तर बंगालात आणि निलगिरीत भाताच्या, अननसाच्या वा पडीक जमिनीत लोकांनी दोन-दोन, चार-चार एकर चहा लावला. बोर्डाच्या व्याख्येप्रमाणे 10.12 हेक्टरपर्यंतचा धनी तो छोटा उत्पादक. अशांची संख्या आज दोन लाखांहून अधिक असून देशाच्या उत्पादनात त्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला आहे.

या माणसाजवळ कारखाना नाही. तो हिरवा पाला विकतो, आणि खुडलेला पाला काही तासांतच कारखान्यात पोचला नाही तर बिघडतो. त्यामुळे मिळेल तो भाव घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. बहुधा मध्ये एक दलालही असतो. सरकारी तक्त्यात त्याचे पीक उतरते ते पाला विकत घेणाऱ्या कारखान्याच्या वहीतून, तयार चहा म्हणून. तेथे किलो असतात, माणूस नसतो. कोणाच्या शेतातून किती पाला आला आणि त्याला काय मिळाले, हे कळावे म्हणून बोर्डाने या शेतकऱ्यांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे काम हाती घेतले. ज्याचे नाव वहीत नाही, त्याला अनुदानही नाही आणि पाल्याच्या भावासाठी दाद मागण्याची जागाही नाही. 2024 मध्ये वैशाखातील उन्हाचा ताप आणि मग पूर यांनी पीक 128 कोटी किलोंवर उतरले. त्यातच थंडीतील हलक्या प्रतीचा चहा बाजारात येऊ नये म्हणून बोर्डाने उत्तरेकडील बहुतेक मळ्यांची खुडणी 30 नोव्हेंबरलाच थांबविली. लिलावात भाव चढले. पण ज्याचा डिसेंबरचा पाला झाडावरच राहिला, त्याचा हिशोब त्या चढलेल्या भावात नाही.

आकडा कधी कधी साक्षीदाराचेही काम करतो. दार्जिलिंगचे 87 मळे मिळून वर्षाकाठी 1 कोटी किलोंच्या आसपास चहा करीत, त्या काळात जगाच्या बाजारात दार्जिलिंग या नावाने 4 कोटी किलो विकला जातो, असे व्यापारात बोलले जाई. उरलेले 3 कोटी कोठून येत, हे निराळे सांगावयास नको. पिकाची नोंद चोख होती म्हणूनच ही लबाडी दाखविता आली. आणि 2004 मध्ये भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळविणारा दार्जिलिंगचा चहा हा भारतातील पहिला माल ठरला. पुढे दुर्दैव असे, की 2017 मध्ये 104 दिवसांच्या बंदमुळे तेथील पीक 32 लाख किलोंवर आले, आणि आता ते चांगल्या वर्षीही 60 लाखांच्या आसपास घुटमळते.

कोकोला या दोघांसारखे स्वतःचे बोर्ड नाही. काजू आणि कोको मिळून एक संचालनालय कोचीस आहे. हे पीक स्वतंत्र शेतात उभेही राहत नाही. नारळाच्या, सुपारीच्या वा पामतेलाच्या झाडांच्या सावलीत ते वाढते. एकाच जमिनीचा उल्लेख दोन पिकांखाली येतो, आणि बागेत पंधरा झाडे आहेत की पन्नास हे तलाठ्याच्या दप्तरात सहसा सापडत नाही. आंध्र, केरळ, कर्नाटक आणि तामिळनाडू मिळून सुक्या बीचे उत्पादन अलीकडे तीस हजार टनांच्या आत-बाहेर आहे. कारखान्यांची गरज लाख टनांच्या घरात मानतात. 1980 च्या सुमारास भाव कोसळला, घेणारे उरले नाहीत, आणि दक्षिण कन्नड व केरळातील पुष्कळ शेतकऱ्यांनी झाडे तोडून टाकली. त्या वेळी मंगळूरच्या सुपारी उत्पादकांच्या सहकारी संस्थेने, म्हणजे कॅम्पकोने, खरेदी सुरू केली आणि 1986 मध्ये पुत्तूर येथे स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला. तेणेकरून उरलेली झाडे वाचली.

2024 मध्ये आयव्हरी कोस्ट आणि घाना येथील पीक रोगाने व हवामानाने बुडाले, आणि जगाच्या बाजारात टनाला 12 हजार डॉलरच्या वर भाव गेला. सुपारीच्या बागांतून पुन्हा कोकोची रोपे लागू लागली. संचालनालयाच्या कोष्टकात दोन रकाने असतात, एक क्षेत्राचा आणि एक उत्पादनाचा. त्या पावसाळ्यात लावलेले रोप पहिल्या रकान्यात लगेच मोजले जाते. दुसऱ्यात यावयास त्याला तीन-चार वर्षे लागतात. 2025 अखेरीस भाव शिखराच्या निम्म्याच्या आसपास उतरला होता, आणि त्या रोपांना अजून फूलही आलेले नव्हते.