स्त्री-नेतृत्व : जगाचे करार आणि समाजाचा पुढाकार

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘आंतरराष्ट्रीय सहकार्यातून स्त्री-नेतृत्व आणि स्त्री-पुरुष समता’ हा विषय मला देण्यात आला आहे. विषयाचे नाव भारदस्त आहे. परिषदा न्यूयॉर्कला किंवा जिनिव्हाला भरतात, ठराव तेथे होतात. आपल्या पाठशाळेशी, भोजनशाळेशी आणि वार्षिक सभेशी त्यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणाच्याही मनात सहज येईल. हा संबंध आहे आणि तो फार जवळचा आहे, एवढेच आज आपल्यापुढे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

या सहकार्याची सुरुवात सरकारांनी केलेली नाही. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीने त्यांना आपल्या घरी मुलीसारखे ठेवून घेतले. १८८६ मध्ये आनंदीबाई वैद्यकशास्त्राच्या पदवीधर झाल्या. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले, त्यामागे बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनचे आर्थिक पाठबळ होते. आणि आपल्या समाजाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, १८९३ च्या शिकागो येथील सर्वधर्मपरिषदेत जैन धर्माचे प्रतिनिधित्व करणाऱ्या श्री. वीरचंद राघवजी गांधी यांच्या प्रेरणेने त्याच शहरात भारतीय स्त्रियांच्या शिक्षणासाठी एक संस्था उभी राहिली. धर्माचे तत्त्वज्ञान सांगण्यासाठी सातासमुद्रापार गेलेला हा तरुण स्त्रीशिक्षणाची चिंताही आपल्याबरोबर घेऊन गेला होता. तेव्हा हा विषय आपल्याकडे बाहेरून आलेला आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

पुढे विसाव्या शतकात व्यक्तींच्या सहकार्याची जागा राष्ट्रांच्या सहकार्याने घेतली. १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघाची सनद तयार झाली. तिच्या प्रास्ताविकेत स्त्री-पुरुषांच्या समान हक्कांचा उल्लेख यावा, यासाठी ब्राझीलच्या बर्था लुट्झ यांच्यासारख्या मोजक्या महिला प्रतिनिधींनी आग्रह धरला. त्यानंतर मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिण्याचे काम सुरू झाले. त्या आयोगाच्या अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट होत्या, आणि भारताच्या प्रतिनिधी होत्या श्रीमती हंसाबेन मेहता. हंसाबेनचे नाव आज आपल्या मुलींना फारसे ठाऊक नाही, म्हणून त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगते.

हंसाबेन यांचा जन्म १८९७ साली सुरतेस झाला. वडील मनुभाई मेहता हे बडोदे संस्थानचे दिवाण. हंसाबेन यांचे शिक्षण बडोद्यास आणि नंतर इंग्लंडमध्ये झाले. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी मुंबईत कारावास भोगला. अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्ष असताना त्यांच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांच्या हक्कांची एक सनद तयार झाली. संविधान सभेतील अवघ्या १५ महिला सदस्यांपैकी त्या एक. १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री भारतातील स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज सभेस अर्पण करण्याचा मान त्यांना मिळाला.

अशी ही तयारीची स्त्री जेव्हा त्या जागतिक आयोगात बसली, तेव्हा मसुद्याच्या पहिल्या कलमातील एका शब्दावर तिची नजर गेली. इंग्रजी मसुद्यात ‘सर्व पुरुष जन्मतः स्वतंत्र व समान आहेत’ असा अर्थ निघू शकेल असा शब्द होता. तो शब्द ‘माणूस’ या अर्थानेच वापरला आहे, त्यात स्त्री आलीच, असे समर्थन होत होते. हंसाबेन यांनी ते मान्य केले नाही. जगातील अनेक देश या शब्दाचा शब्दशः अर्थ लावून स्त्रीला बाहेर ठेवतील, हे त्या जाणून होत्या. अखेर १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे जाहीरनामा संमत झाला, तेव्हा त्यात ‘सर्व मानव’ असा शब्दप्रयोग आला. श्रोतेहो, एका शब्दाने काय होते, असे आपण म्हणतो. पण ‘त्यात तुम्ही आलाच की’ हे वाक्य घरात, सभेत, पंक्तीत किती वेळा ऐकावे लागते, हे येथे बसलेल्या भगिनींना मी सांगण्याची आवश्यकता नाही.

भारतीय स्त्रीने जगाला दिले, तसे जगानेही आपल्याला आरसा दाखविला. संयुक्त राष्ट्रसंघाने १९६७ साली स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनाची घोषणा केली आणि सदस्य राष्ट्रांकडे स्त्रियांच्या स्थितीविषयी विचारणा केली. त्यातून १९७१ मध्ये आपल्या सरकारने एक समिती नेमली. तिचा अहवाल ‘समानतेकडे’ या अर्थाच्या शीर्षकाने १९७४ अखेर सादर झाला. संविधानाने समता दिली म्हणजे काम संपले, या समजुतीत असलेल्या देशाला त्या अहवालाने खडबडून जागे केले. १९०१ साली दर हजार पुरुषांमागे ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली त्या ९३० उरल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, मेक्सिकोत पहिली जागतिक महिला परिषद भरली. त्यानंतर कोपनहेगन, नैरोबी आणि १९९५ साली बीजिंग अशी ही परंपरा चालू राहिली. बीजिंग परिषदेने निश्चित केलेल्या बारा चिंतेच्या क्षेत्रांपैकी एक ‘सत्ता व निर्णयप्रक्रियेतील स्त्रिया’ हे होते.

या साऱ्या प्रवासातील सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे १८ डिसेंबर १९७९ रोजी संमत झालेला, स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचे निर्मूलन करण्याचा करार. भारताने त्यावर १९८० मध्ये सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्यास रीतसर मान्यता दिली. हा करार कागदावर राहिला नाही, याचे एक उदाहरण देते. राजस्थानात भंवरीदेवी नावाची एक ‘साथिन’, म्हणजे शासनाच्या महिला विकास कार्यक्रमातील गावपातळीवरची कार्यकर्ती, बालविवाह रोखण्याचे काम करीत होती. त्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. कामाच्या ठिकाणी स्त्रीला संरक्षण देणारा कायदाच त्या वेळी देशात नव्हता. महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ च्या ‘विशाखा’ निकालात न्यायालयाने या जागतिक कराराचा आधार घेतला आणि देशभर बंधनकारक अशी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. त्या तीन न्यायमूर्तींत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्तिपद भूषविलेल्या सुजाता मनोहर होत्या. याच तत्त्वांचा पुढे २०१३ साली कायदा झाला. आज आपली लेक बँकेत, रुग्णालयात वा कारखान्यात नोकरी करते, तेथे तक्रार समिती असते. तिच्या मुळाशी खेड्यातील एका स्त्रीचे धैर्य आहे आणि दूरच्या सभागृहात संमत झालेला एक करारही आहे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. या कराराला मान्यता देताना भारत सरकारने एक निवेदन जोडले. समाजातील रूढ धारणा बदलणे आणि विवाह व कुटुंबविषयक समता यासंबंधीची कलमे आम्ही पाळू. मात्र कोणत्याही समाजाच्या अंतर्गत व्यवहारात, त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय, हस्तक्षेप न करण्याच्या धोरणास धरून पाळू, असा त्याचा आशय आहे. अनेक स्त्री-संघटनांनी या निवेदनावर टीका केली आणि तीत तथ्य आहे. परंतु आपण त्याकडे दुसऱ्या बाजूनेही पाहिले पाहिजे. जग करार करील, संसद कायदा करील, न्यायालय निकाल देईल. पण समाजाच्या उंबरठ्यापाशी शासन थांबेल, असे आपल्या देशाने जगाला सांगितले आहे. आत पाऊल टाकण्याचा पुढाकार समाजाचा. म्हणजे तो आपला.

मग आपली स्थिती काय आहे? २००१ च्या जनगणनेत प्रथमच धर्मनिहाय तपशीलवार आकडे प्रसिद्ध झाले. जैन स्त्रियांचे साक्षरतेचे प्रमाण ९०.६ टक्के होते. देशातील सर्व स्त्रियांचे प्रमाण तेव्हा ५४ टक्क्यांच्या आत होते. ही निर्विवाद अभिमानाची बाब आहे. परंतु त्याच जनगणनेत काम करणाऱ्या जैन स्त्रियांचे प्रमाण केवळ ९.२ टक्के नोंदले गेले. देशाची सरासरी २५.६ होती. आणि सर्वांत क्लेशदायक आकडा म्हणजे सहा वर्षांखालील मुलामुलींचा. दर हजार मुलग्यांमागे आपल्या समाजात ८७० मुली होत्या. २०११ मध्ये हा आकडा ८८९ झाला. सुधारणा झाली, तरी तो देशाच्या सरासरीहून कमीच राहिला. मुंगीलाही धक्का लागू नये म्हणून जपणाऱ्या आपल्या समाजाने या आकड्यापुढे क्षणभर थांबावे, अशी माझी हात जोडून विनंती आहे. गर्भलिंग तपासणीला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम, १९८८ साली केला. कायदा दवाखान्याच्या दारावर पाटी लावू शकतो. घरातील बोलणे बदलणे त्याच्या हाती नाही.

संपत्तीचेही तसेच आहे. वारसाहक्काचा १९५६ चा कायदा आपल्या समाजालाही लागू आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये दुरुस्ती करून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर सही घेण्याची रीत घराघरांत चालू आहे. स्वखुशीने सोडलेल्या हक्काला माझी हरकत नाही. पण सही करण्यापूर्वी ‘तुझी खरोखर इच्छा आहे ना?’ असे तिला कोणी विचारते का?

‘स्त्रिया स्वतःच पुढे येत नाहीत’, ‘नाव तिचे आणि कारभार पतीचा’ असे आक्षेप घेतले जातात. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात येऊन पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, तेव्हाही हेच म्हटले गेले. त्यानंतर राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एस्थर डुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास केला. स्त्री प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर अधिक खर्च केल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. जिला पाण्यासाठी चालावे लागते, तिच्या हाती निर्णय आला की पाणी आधी येते. महाराष्ट्राने तर २०११ मध्ये हे आरक्षण ५० टक्क्यांवर नेले. खेड्यातील अल्पशिक्षित भगिनी ग्रामसभा चालवू शकते, तर आपल्या समाजातील पदवीधर सून न्यासाचा ताळेबंद वाचू शकणार नाही काय?

आपली परंपराही याआड येत नाही. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका असा आपला चतुर्विध संघ आहे. चारांपैकी दोन स्थाने स्त्रियांची आहेत. भगवान महावीरांच्या काळात साध्वीसंघाचे नेतृत्व चंदनबालेकडे होते. अलीकडच्या काळात सोलापूरच्या पंडिता सुमतीबाई शहा यांनी श्राविकांच्या शिक्षणासाठी केलेले कार्य सर्वश्रुत आहे. आपल्याकडे तपाच्या मिरवणुकीत, पारण्याच्या सेवेत, पाठशाळेच्या अध्यापनात स्त्रिया अग्रभागी असतात. पण बोली लागते, निधीचा विनियोग ठरतो, शिष्यवृत्ती मंजूर होते, त्या बैठकीत त्या अभावानेच दिसतात.

म्हणून केवळ विचार न मांडता तीन विनंत्या करते. पहिली, पुढील विश्वस्त निवडीत किमान एक तृतीयांश जागा महिलांसाठी ठेवाव्यात. न्यासाच्या घटनेत बदल लागणार असेल तर तो करावा आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात रीतसर अर्ज करावा. केवळ ‘महिला मंडळ’ या नावाने स्वतंत्र खोली देऊन हा प्रश्न सुटत नाही. दुसरी, न्यासाच्या शिष्यवृत्तीपैकी काही भाग शिक्षण पूर्ण करून विवाहानंतर घरी राहिलेल्या आणि पुन्हा व्यवसायात येऊ इच्छिणाऱ्या भगिनींसाठी राखून ठेवावा. तिसरी, परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या समाजातील उच्चशिक्षित भगिनींशी येथील मुलींचा संपर्क जोडून द्यावा. देणगीसाठी आपण त्यांच्याकडे जातोच. त्यांचा अनुभवही मागावा. आनंदीबाईंना परक्या देशात एका अनोळखी घराने आधार दिला, तेथे आपल्या मुलीला आपल्याच माणसांचा आधार मिळणे अवघड नसावे.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत पाचवे उद्दिष्ट स्त्री-पुरुष समतेचे आहे आणि त्यात नेतृत्वाच्या समान संधीचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्या न्यासाच्या एका ठरावाने जग बदलणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु आपल्या समाजाच्या पुढाकाराची अट आपल्याच देशाने घातलेली असल्यामुळे, हा ठराव आपल्या वतीने अन्य कोणीही करू शकणार नाही. न्यासाची पन्नास वर्षे आपल्या पूर्वसूरींच्या त्यागाने उजळली आहेत. पुढील वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत हा विषय घेतला जावा, एवढी अपेक्षा व्यक्त करते.