शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं?

(महिला गटांच्या आरोग्य शिबिरात केलेलं भाषण)



आमच्या गटातल्या एका मुलीला सहाव्या महिन्यात रक्तातली साखर वाढल्याचं कळलं. दवाखान्यात सांगितलं, गोड बंद, भात कमी. घरच्यांनी त्यात भर घातली. केळं बंद, रताळं बंद, उसळ पचायला जड म्हणून तीही बंद. उरली भाकरी, चटणी आणि चहा. काय खायचं नाही हे सगळ्यांना पाठ होतं. काय खायचं हे तिला कोणी सांगितलंच नाही. महिनाभरात ती इतकी थकली की भरलेली कळशी उचलवेना.

थकव्याची कारणं अनेक असतात. रक्त कमी असणं आपल्याला माहीत आहे, लोहाच्या गोळ्याही माहीत आहेत. आज मी पोटॅशियमबद्दल बोलणार आहे, कारण त्याचं नावही आपल्यापर्यंत येत नाही.

पोटॅशियम हा एक क्षार आहे. स्नायू, नसा आणि हृदयाचे ठोके त्याच्यावर चालतात. साखरेशीही त्याचा संबंध आहे. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं, ते रक्तातली साखर पेशींमध्ये पोचवतं आणि त्याच वेळी पोटॅशियमही आत नेतं. शरीरात पोटॅशियम फार कमी झालं, तर इन्सुलिन पुरेसं सुटत नाही. गरोदरपणात वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीराला ते जास्त तयार करावं लागतं. ज्या बाईला ते जमत नाही, तिची साखर वाढते. यात तिचा काही दोष नाही. उलट्या किंवा जुलाब फार झाले तर पोटॅशियम आणखी घटतं. मग अशक्तपणा, पायात गोळे, बद्धकोष्ठ, छातीत धडधड असे त्रास होऊ शकतात.

मात्र पोटॅशियम खाल्लं की मधुमेह टळतो, असं मी म्हणत नाही. असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या गोळ्या किंवा कमी सोडियमचं मीठ मनाने घेऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर जास्त पोटॅशियम जिवावर बेतू शकतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली प्रौढांना रोज किमान ३५१० मिलिग्रॅम पोटॅशियम आहारातून मिळावं, असं सांगितलं. एका मध्यम केळ्यात ते चारशेच्या आसपास असतं. म्हणजे एका केळ्याने भागत नाही. दोन्ही वेळेला डाळ किंवा उसळ, पालेभाजी, शेवग्याचा पाला, ताक, एखादं फळ असं सगळं लागतं. भाजी उकडून पाणी फेकलं की पोटॅशियमही त्या पाण्याबरोबर जातं. आपल्या आज्या डाळीच्या कटाची आमटी करायच्या, ते शहाणपणाचंच होतं. साखर वाढलेली असेल तर फळ किती आणि केव्हा खायचं हे डॉक्टरांना जरूर विचारा, पण डाळ-भाजी तोडू नका.

आता खरा प्रश्न. या सगळ्या वस्तू आपल्याच हातून शिजतात, मग आपल्या ताटात का नसतात? आधी पुरुष जेवतात, मग मुलं, मग म्हातारी माणसं. आपण बसतो तेव्हा पातेल्यात रस्सा असतो, फोडी संपलेल्या असतात. गरोदर सुनेला तर "जास्त खाल्लंस तर मूल मोठं होईल, बाळंतपण जड जाईल" असंही ऐकवतात. तिच्या ताटात काय पडेल हे डॉक्टर ठरवत नाहीत. घरात कोणाचा मान किती, यावर ते ठरतं.

म्हणून दोन कामं करूया. पहिलं, तपासणी. पहिल्याच भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखर तपासायला हवी. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा १४० किंवा त्याहून जास्त आला तर उपचार लागतात. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. आशाताईंना घेऊन जा, एकटीला पाठवू नका. आणि आपला आकडा विचारून कार्डावर लिहून घ्या.

दुसरं काम घरातलं आहे, आणि तेच अवघड. गरोदर बाईने सगळ्यांबरोबर जेवायला बसायचं आणि तिचं ताट आधी वाढायचं. आमच्या त्या मुलीच्या सासूशी गटातल्या चौघी जाऊन बोललो. पहिल्या दिवशी ती चिडली. चौथ्या दिवशी तिने स्वतः वाटीभर मटकीची उसळ सुनेपुढे ठेवली आणि म्हणाली, "मलाबी कुणी कधी वाढलं नव्हतं."

हे बोलणं आपल्याला घरोघर जाऊन करायचं आहे.