बऱ्हाणपूरची लूट आणि साधनांची साक्ष



जानेवारी १६८१ च्या अखेरीस, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर पंधरवड्यातच, मराठी फौज बऱ्हाणपुरावर आली. तटाबाहेरचे बहादुरपुरा आदी संपन्न पुरे लुटले गेले. हे आपण सर्वच सांगतो. पण कशाच्या आधारावर?

सर्वांत भरघोस वर्णन खाफीखानाचे. शहरात अडकलेला काकरखान, बेसावध सावकार, पुरांतला जाळ हे सारे त्याच्याकडे आहे. मात्र त्याचा ग्रंथ पुरा झाला तो घटनेनंतर सुमारे अर्ध्या शतकाने. तो टाकाऊ नाही, पण डोळ्यांनी पाहणाऱ्याची साक्ष म्हणून त्याच्याकडे बघू नका. भीमसेन सक्सेना जन्माने याच शहराचा आणि त्या काळातला. तोही मोगली चाकरीतला. साकी मुस्तैदखानाचा 'मासिरे आलमगिरी' १७१० चा. तो दरबारी कागदांवरून लिहिलेला. कागद जुना आहे एवढ्यावर थांबू नका. लिहिणारा कुठे होता, कोणासाठी लिहीत होता, हे विचारा.

आता एक कसोटी घ्या. खाफीखान सांगतो की, संरक्षण मिळणार नसेल तर जुम्याचा नमाज बंद करू, असा अर्ज इथल्या धर्मपंडितांनी औरंगजेबाकडे धाडला, आणि बादशहाने दक्षिणेची वाट धरली. नोव्हेंबरात तो बऱ्हाणपुरात आला हे खरे. पण दरम्यान, जूनमध्ये, बंडखोर शहजादा अकबर संभाजी महाराजांच्या मुलखात पोहोचला होता. मग बादशहाला ओढून आणले कोणी, अर्जाने की मुलाने? असा तोल करणे हे दुय्यम ग्रंथांचे काम. जदुनाथ सरकार, वा. सी. बेंद्रे, कमल गोखले यांना त्यासाठीच वाचावे. निष्कर्ष उचलून घेण्याआधी त्यांच्या तळटीपा पाहाव्यात, आणि तिघांत मतभेद दिसला की मूळ साधनाकडे परतावे.

आपण मराठी बोलतो आणि राहतो बऱ्हाणपुरात. महाराष्ट्रातले पुस्तक जिला मोहीम म्हणते, ती इथल्या सावकाराच्या, विणकराच्या दारात लूट होती. दोन्ही शब्द खरे आहेत. त्या घरांनी स्वतः लिहिलेले आपल्यासमोर नाही. त्यांचे दुःख आपल्याला दरबारी लेखण्यांतूनच गाळून घ्यावे लागते.

म्हणून, वाचकहो, तुमच्या माळ्यावर जुने दस्तऐवज, वह्या, फारसी वा मोडी कागद असतील तर रद्दीत घालू नका. आधी जाणकाराला दाखवा. या शहराची बाजू कदाचित तिथेच असेल.