शेजारचे दुकान आणि नवे गाव



मराठी शाळांच्या जुन्या स्मरणिका चाळल्या, की शेवटच्या पानांवर ओळखीचे एक जग भेटते. किराणा-भुसार मालाचे व्यापारी, वह्या-पुस्तकांचे दुकान, गणवेश शिवणारा शिंपी, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती. कुणाचे पाव पान, कुणाचे अर्धे, आणि मजकूर ‘हार्दिक शुभेच्छा’ एवढाच. या जाहिरातींमुळे त्यांचे गिऱ्हाईक वाढले असेलच असे नाही. स्मरणिकेच्या कागदाचा नि छपाईचा खर्च मात्र त्यांतून निघत असे. आज घरोघरी गणवेशापासून गव्हाच्या पिठापर्यंत बरेच काही मोबाइलवरून मागवले जाते. त्यात सोय आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण या सोयीची किंमत नेमकी कशात मोजायची, हे समजून घ्यायला थोडे दूरचे उदाहरण उपयोगी पडते.

चंदीगढच्या सीमेला लागून, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी मुल्लानपूर गरीबदास हे पंजाबातील मोहाली जिल्ह्याचे गाव आहे. अलीकडे या परिसराला ‘न्यू चंदीगढ’ असे नाव मिळाले. रुंद रस्ते झाले, बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. 2022 च्या ऑगस्टमध्ये टाटा स्मारक केंद्राच्या होमी भाभा कर्करोग रुग्णालयाचे उद्घाटन झाले. 2024 मध्ये नव्या क्रिकेट मैदानावर आयपीएलचे सामने झाले. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या वस्तीत मीठ, दूध आणि वह्या कुठे मिळाव्यात, हा प्रश्न नकाशावर क्षुल्लक दिसतो.

शेजारच्या चंदीगढमध्ये तो क्षुल्लक मानला गेला नव्हता. 1951 साली ल कॉर्बुझिए यांनी त्या शहराचा आराखडा हाती घेतला, तेव्हा सुमारे 800 मीटर रुंद आणि 1200 मीटर लांब असा सेक्टर हे नगराचे एकक धरले आणि सेक्टरच्या आतून दुकानांचा एक रस्ता काढला. दुकाने सावलीच्या बाजूस, म्हणजे उन्हाळ्यातही पायी जाता यावे. कॉर्बुझिए यांच्या काँक्रीटविषयी कुणाचे काहीही मत असो, भाजीसाठी मोठा रस्ता ओलांडावा लागू नये एवढे व्यवहारज्ञान त्या आराखड्यात निश्चित होते. पुढे 1987 मध्ये पंजाबात ‘अपनी मंडी’ सुरू झाली. तिथे शेतकरी स्वतः भाजी घेऊन येतो आणि दलालावाचून विकतो. मराठी माणसाला हे नवे वाटणार नाही. आपल्या आठवडे बाजाराचाच तो धाकटा भाऊ.

लहान दुकानातून खरेदी केल्याने काय साधते? साबणाची वडी दोन्हीकडे त्याच कारखान्यातली असते. फरक पडतो तो नफ्याच्या वाटेत. गावच्या दुकानदाराला उरलेले चार पैसे बरेचसे त्याच गावातल्या शिंप्याकडे, दवाखान्यात, मुलांच्या शाळेत खर्च होतात. 1877 च्या दिल्ली दरबाराला खादी नेसून गेलेले सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी देशी मालाची दुकाने काढली, तेव्हा माल कुठला हा प्रश्न होता. आता दुकान कुणाचे, हाही प्रश्न त्याला येऊन मिळाला आहे.

पैशाइतकीच महत्त्वाची आहे ती पत. दोन किलो तांदळासाठी कोणतीही बँक कर्ज देत नाही. वाणी देतो, तेही बिनव्याजी, केवळ तोंडओळखीवर. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटा रद्द झाल्या, तेव्हा कित्येक घरांची चूल या उधारीच्या वहीवर पेटली. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीच्या पहिल्या दिवसांत घरपोच सेवा कोलमडल्या, तेव्हा अर्धे शटर वर करून डाळ-तांदूळ देणारा माणूस गल्लीतलाच होता. जेन जेकब्स या अमेरिकन लेखिकेने 1961 साली न्यूयॉर्कच्या वस्त्यांविषयी लिहिताना, शेजारी आपल्या घराच्या किल्ल्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे ठेवतात, याची आवर्जून नोंद केली. पुण्या-मुंबईच्या वाड्या-चाळींतल्या कुणालाही यात नवल वाटू नये. शाळा सुटल्यावर रेंगाळणाऱ्या मुलाला ‘आई वाट पाहत असेल, घरी जा’ असे नावाने हाक मारून सांगणाराही तोच.

अर्थात, दुकानदार म्हणजे संत नव्हे. सुटे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट ठेवणे, पावती मागितली की कपाळाला आठ्या घालणे, मुदत संपलेला पुडा पुढे सरकवणे, हे प्रकार घडतात आणि ते खपवून घेण्याचे काही कारण नाही. कीव म्हणून केलेली खरेदी फार दिवस टिकत नाही. ज्या घराचा महिना मोजून-मापून चालतो, त्या घराने स्वस्त मिळेल तिथे घ्यावे, यात कुणी दोष काढू नये. प्रश्न आहे तो परवडत असूनही केवळ जिना उतरण्याच्या कंटाळ्यामुळे कोथिंबिरीची जुडीसुद्धा मोबाइलवरून मागवणाऱ्यांचा.

मुल्लानपूरच्या रुग्णालयात दूरदूरच्या गावांहून रुग्ण आणि त्यांची माणसे येतात. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाभोवती ज्यांनी काही दिवस काढले आहेत, त्यांना ठाऊक आहे की रुग्णाच्या माणसाला अपरात्री जे लागते, ते कोणत्याही यादीत नसते. गरम पाणी, मऊ भात, थर्मासचे झाकण, धर्मशाळेचा पत्ता. हे देणारा, सांगणारा माणूस बहुधा एखाद्या टपरीवर असतो. नव्या नगरात त्याला जागा मिळेल की नाही, हे नकाशा काढणाऱ्यांच्या हाती आहेच. तितकेच ते तिथे राहायला येणाऱ्यांच्या पहिल्या वर्षातल्या सवयींवरही ठरते. गिऱ्हाईक नसलेले दुकान दुसरी दिवाळी क्वचितच पाहते.

शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी आज अशाच नव्या वसाहतींत घरे घेत आहेत. तळमजल्यावरचे गाळे किराणा, गिरणी, शिंपी यांना परवडतील अशा भाड्याने द्यायचे, की चढ्या भाड्याच्या आशेने रिकामे ठेवायचे, हा विषय अशा सोसायट्यांच्या सभांपुढे येतो. त्या सभांना हेच माजी विद्यार्थी सभासद म्हणून बसलेले असतात.