बाँड आणि अडवलेला दाखला

१८५९ साली इंग्रज सरकारने एक कायदा केला. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला त्यान्वये मॅजिस्ट्रेट कामावर परत धाडीत असे, आणि न गेल्यास तुरुंगात. १९२५ च्या कायद्याने तो रद्द झाला. आज नोकराला बळाने कामावर बसवण्याचा हुकूम न्यायालय देत नाही. दोन-तीन वर्षांच्या बाँडवर सही करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या तरुण अभियंत्याला मात्र हे कोणी सांगत नाही.

मग बाँड निरर्थक आहे काय? तसे नव्हे. कल्याणच्या सेंचुरी रेयॉनमधील एका कर्मचाऱ्याने कराराची पाच वर्षे संपेपर्यंत प्रतिस्पर्ध्याकडे नोकरी करू नये, हा मनाईहुकूम सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कायम केला. मे २०२५ मध्ये विजया बँकेची तीन वर्षांची अट आणि दोन लाखांची भरपाईही त्याने ग्राह्य धरली. हा निकाल मालकमंडळी आता नाचवतील; त्यांनी तो पुरता वाचावा. सार्वजनिक बँकेला खुली जाहिरात देऊन, स्पर्धा घेऊनच नेमणूक करावी लागते, हा त्यातील एक प्रमुख युक्तिवाद आहे. चार दिवसांच्या ओळखवर्गाला ‘प्रशिक्षण’ म्हणणाऱ्या खाजगी कंपनीला तो आयता कसा लागू पडेल? १८७२ च्या करार कायद्याचे ७४ वे कलम वाजवी भरपाईच देते, तीही करारातील आकड्याच्या आत. वाजवी किती, हे न्यायालयाने ठरवायचे.

मालकाला नेमके तेच नको असते. न्यायालयात खर्चाचा हिशेब मांडावा लागतो. त्यापेक्षा अनुभवाचा दाखला अडवणे स्वस्त. नवी कंपनी दाखल्यासाठी खोळंबते, जुनी म्हणते, आधी लाख रुपये भरा. भरपाई मागणाराच आकडा ठरवतो आणि वसूलही करतो. दावा गुदरण्याचा भार नोकरावर. वस्तुतः अमुक माणसाने अमुक काळ काम केले, एवढीच ती नोंद. घडलेल्या गोष्टीची नोंद तारण कशी ठेवता येईल? १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालील आदर्श आदेशांत तर बडतर्फ झालेल्या कायम कामगारालाही सेवेच्या दाखल्याचा हक्क होता. परंतु गळ्यात टाय बांधलेला अभियंता स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास लाजतो, आणि त्या लाजेची किंमत मालक पुरेपूर वसूल करतो.

नेमणूकपत्र, वेतनचिठ्ठ्या, भविष्यनिर्वाह निधीची नोंद आणि राजीनाम्याची लेखी पोच जपून ठेवावी. नोकरीचा पुरावा मालकाच्या सहीवाचूनही उभा राहतो. मूळ पदवीपत्रे कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत. पैसे भरणे भागच पडले, तर ‘हक्क राखून’ असे लिहून भरावेत.