म्हशीच्या पाठीवरची नक्षी

दिवाळीचा पाडवा जवळ आला. ज्यांच्या गोठ्यात म्हैस आहे, त्यांच्या घरी आता कात्री अन् वस्तरा शोधायची घाई. म्हैस भादरायची, तेल लावून काळीभोर चमकवायची, शिंगं रंगवायची आणि ओवाळायची. कोल्हापुरात तर पाडव्याला सजवलेल्या म्हशी वाजतगाजत रस्त्यावर आणतात. इकडे वाशिम जिल्ह्यात आमच्या गटातल्या पोरीही म्हशीच्या पाठीवर केस राखून फूल, वेल, कोयरी काढतात. हौस चांगलीच आहे. पण ती जनावराच्या जिवावर बेतू नये, म्हणून आज हे बोलणं.

दोन वर्षांमागं आमच्याच हातून चूक झाली. गटाच्या कर्जातून घेतलेल्या म्हशीची लहान वगार होती. नक्षी झकास उठावी म्हणून आम्ही तिचं सगळं अंग भादरलं. पाडवा झाला अन् थंडी पडली. वगार रात्रभर कुडकुडली, मग खोकू लागली, तिला धाप लागली. डॉक्टरला बोलावलं तोवर उशीर झाला होता. वगार गेली. तिची आई पान्हा चोरू लागली, दूध आटलं. कर्जाचा हप्ता मात्र थांबला नाही.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी ठरवल्या. लहान वासरू, आजारी किंवा अशक्त जनावर भादरायचं नाही. हिवाळ्यात वाढलेले केस म्हणजे त्यांचं पांघरूण. मोठ्या म्हशीचे केस कापले तर रात्री गोठ्याला आडोसा करायचा, खाली कोरडं गवत टाकायचं आणि पाठीवर पोतं बांधायचं.

नक्षी काढायची तर आधी म्हैस धुवा, उन्हात वाळू द्या. खडूनं आकार आखा. आकारातले केस राखा, भोवतालचे कातरा. कात्री अंगाला आडवी धरा, टोक कातडीत घुसू देऊ नका. एकीनं समोर उभं राहून म्हशीची मान खाजवत राहावं, म्हणजे ती शांत राहते. गंजलेला वस्तरा वापरू नका. जखम झालीच तर माशी बसू देऊ नका, नाहीतर किडे पडतात.

शेपटीचा गोंडा तसाच ठेवा. माश्या हाकायला तिच्याकडं तेवढंच आहे. कानातले केसही कापू नका, ते कचरा अन् किडे अडवतात. कासेवरचे लांब केस मात्र जरूर कातरा. त्यांना शेण चिकटतं अन् दुधात पडतं.

केस कापल्यावर उवा अन् गोचीड नजरेला पडतात. अंग नीट तपासायची हीच वेळ. कापलेले केस गव्हाणीत जाऊ देऊ नका, पोटात गेले तर गोळा होतो. दूर नेऊन खड्ड्यात पुरा. शिंगांना रंग लावताना डोळे सांभाळा.

म्हैस खोकली, चारा सोडला किंवा अंग तापलं तर घरगुती उपायात दिवस घालवू नका. लगेच 1962 या नंबरवर फोन लावा.

यंदा आमच्या गोठ्यात दुसरी वगार आहे. तिच्या गळ्यात झेंडूची माळ घालू, कपाळाला कुंकू लावू. केसाला मात्र कात्री लावणार नाही. राम राम!