एका डोळ्याची वंशावळ
(नारायणगाव येथील व्याख्यान)

अंगावर फिकट डाग उठला की आपल्याकडे आधी कुजबुज सुरू होते. कोड तर नाही? की महारोग? मग मेडिकलमधून नायट्याची ट्यूब येते. बहुतेकदा डाग साधाच निघतो. पण कमरेला, मांडीला, झाकलेल्या जागी तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला, मलमाला दाद देईना आणि कुष्ठरोगासारखा बधिरही नसला, तर आणखी एक शक्यता उरते.

तिचं नाव मायकोसिस फंगॉइडिस. १८०६ साली पॅरिसच्या आलिबेर या डॉक्टरांनी एका रुग्णाच्या अंगावर अळंबीसारख्या गाठी पाहिल्या. त्यावरून नावात बुरशी शिरली, ती अजून निघालेली नाही. बुरशीचा इथे काही संबंध नाही. हा टी-पेशींचा कर्करोग; शरीराच्या राखणदारांपैकीच एक फितूर होतो. गोऱ्या कातडीवर डाग लालसर दिसतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो पुष्कळदा फिकट उमटतो, म्हणून कोडाशी घोळ.

कातडीचा तुकडा काढून तपासला, निदान झालं, कर्करोग जनुकांच्या बिघाडातून होतो हे सांगितलं, की पहिला प्रश्न ठरलेला. कंबरेवर डाग असलेल्या एका बागाईतदारांनी विचारला तसा : "जनुकांचा आजार म्हणता डॉक्टर, मग पोरीच्या लग्नाचं काय?"

मी त्यांना द्राक्षबागेत नेलं, म्हणजे बोलण्यात. तास-ए-गणेश हे द्राक्षाचं वाण कुठून आलं? सांगली जिल्ह्यातल्या बोरगावात थॉम्पसनच्या वेलीवर एका डोळ्यातून, म्हणजे काडीवरच्या अंकुरातून, वेगळीच फूट निघाली. बाकीचा वेल थॉम्पसनच राहिला. त्या काडीची कलमं झाली, आणि आज एकरच्या एकर बागा त्या एका डोळ्याची वंशावळ आहेत. बिघडलेल्या टी-पेशीचं असंच. बदल जन्मानंतर, एका पेशीत होतो आणि तिच्या नकला वाढत जातात. बापाकडून पोरीकडे जाणाऱ्या बीजपेशीत तो नसतो. (द्राक्ष बिनबियांचं, तेव्हा उपमा इथेच थांबवतो.)

ही वंशावळ प्रयोगशाळेत ओळखताही येते. टी-पेशी घडताना आपली काही जनुकं कापून नव्याने जोडते. तो जोड जिचा तिचा. डागातल्या बहुसंख्य पेशींत एकच जोड सापडला, तर संशय बळावतो. साध्या सुजेतही कधी तसं दिसतं, म्हणून त्या एका कागदावर मी तरी निदान करत नाही.

पण बिघाड असतो कसला? रोग रक्तातही उतरलेल्या ४० रुग्णांच्या पेशींचा डीएनए वाचून त्यावरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. रोगाला कारण ठरणारी एकेका अक्षराची चूक माणशी सरासरी एक. तुकडेच्या तुकडे गहाळ किंवा दुबार झालेले मात्र जवळपास बारा! सातबाऱ्यावर वेलांटी चुकणं वेगळं आणि दप्तरातली पानंच फाटणं वेगळं. टीपी-५३, सीडीकेएन-२ए, झेब-१ ही वाढीला आवर घालणाऱ्या जनुकांची पानं वारंवार फाटलेली सापडतात. उलट पीएलसीजी-१, कार्ड-११ या जनुकांत बदल झाला की "शत्रू आला, वाढा" हा हुकूम शत्रू नसतानाही सुटत राहतो. इतक्या ठिकाणी मोडतोड असलेला आजार एका गोळीने आवरेल असं मला वाटत नाही. डागांच्या टप्प्यावर मात्र मलमं आणि अतिनील किरणांचे शेक यांवर तो वर्षानुवर्षं काबूत राहू शकतो.

बागाईतदारांनी सगळं ऐकून घेतलं. डोळा, फूट, काडी त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होती. उठताना म्हणाले, "हे सगळं मुलाकडच्यांसाठी तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या. शिक्का मारून."